पहिल्या डोसनंतरचे ९८ दिवस : लोकल सुरू करणाऱ्यांना खुले पत्र

दिनांक १३ ऑगस्ट २०२१

प्रति,
राज्य आपत्ती व्यवस्थापन विभाग,
मुंबई महानगर प्रदेशातील सर्व महापालिकांचे आयुक्त,
मध्य व पश्चिम रेल्वेचे संबंधित अधिकारी

स.न.वि.वि.

परवा रविवारी, १५ ऑगस्टला, कोविड लसीचे दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्या सर्वसामान्य प्रवाशाला महिन्याचा पास काढून पुन्हा लोकलने जाता येईल. एप्रिलमध्ये बंद झालेली ही वाट उघडते आहे, याचा आनंद आहे. निर्णय योग्य आहे आणि दोन डोसांची अटही योग्य आहे. हे आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढचा मजकूर अट काढून टाका म्हणून लिहिलाय असा गैरसमज होणार नाही. कोरोनाच्या डेल्टा प्रकाराबद्दल ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास जुलैत प्रसिद्ध झाला. त्यात एका डोसने लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून जेमतेम ३० टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. आपल्याकडे जी कोविशिल्ड म्हणून मिळते त्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीचे दोन डोस झाल्यावर ते ६७ टक्क्यांवर गेले. बारा डब्यांच्या गाडीत बसायला हजार-बाराशे जागा असतात आणि गर्दीच्या वेळी आत चार-पाच हजार माणसे असतात. तिथे एका डोसच्या भरवशावर कुणाला सोडू नये, हे आम्हालाही पटते.

पण या निर्णयाने लसीच्या प्रमाणपत्राचे मोल बदलले. कालपर्यंत ते मोबाइलमध्ये पडून राहणारे कागदपत्र होते. आता त्यावर कल्याण, विरार, पनवेलहून निघणाऱ्या माणसाची रोजी अवलंबून आहे. लस मुद्दाम टाळणारा माणूस आणि तारखेमुळे किंवा नोंदीतल्या चुकीमुळे अडकलेला माणूस, दोघे तिकीट खिडकीवर सारखेच दिसतात. यातल्या दुसऱ्या माणसाची अडचण तुमच्या पातळीवर सुटू शकते. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

आधी तारखांचा हिशेब करू. राज्यात बहुतेकांना कोविशिल्ड मिळाली. १३ मेपासून तिच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे आहे, म्हणजे किमान ८४ आणि जास्तीत जास्त ११२ दिवस. त्यात नंतरचे १४ दिवस मिळवले की पहिल्या सुईपासून लोकलच्या पासपर्यंत किमान ९८ दिवस होतात. १८ ते ४४ वयोगटाला १ मेपासून लस खुली झाली खरी, पण साठा नसल्याने त्याच महिन्यात राज्याला या गटाचे लसीकरण थांबवावे लागले. पुरवठा काहीसा मोकळा झाला तो २१ जूनला केंद्राचे नवे धोरण लागू झाल्यावर. २१ जूनला पहिला डोस घेतलेल्या तरुणाचे ८४ दिवस १३ सप्टेंबरला भरतात आणि पास मिळतो २७ सप्टेंबरला. त्याच दिवशी कोव्हॅक्सिन घेतलेला शेजारी २८ दिवसांनी, १९ जुलैला, दुसरा डोस घेऊन २ ऑगस्टलाच पात्र झाला. दोघे एकाच रांगेत उभे होते. केंद्रावर त्या दिवशी कोणती पेटी आली होती, एवढाच त्यांच्यातला फरक.

आजारातून उठलेल्यांचा हिशेब याहून लांबतो. १९ मेच्या सूचनेनुसार कोविडमधून बरे झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यायची असते. समजा कुणी १ मेला बरा झाला. तो १ ऑगस्टला पहिला डोस घेईल, २४ ऑक्टोबरला दुसरा, आणि त्याला पास मिळेल ७ नोव्हेंबरला. तेव्हा भाऊबीजही होऊन गेलेली असेल. ज्याने दुसऱ्या लाटेचा मार खाल्ला, तोच सर्वांत शेवटी गाडीत चढणार. पहिल्या डोसनंतर ज्यांना संसर्ग झाला त्यांनाही बरे झाल्यावर तीन महिने थांबावे लागते, म्हणून त्यांचा दुसरा डोसही तसाच पुढे गेला आहे.

हे अंतर कमी करा, असे आम्ही म्हणत नाही. परदेशी शिक्षणाला, नोकरीला किंवा टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस देण्याची मुभा केंद्राने ७ जूनला दिली, हे खरे आहे. पण ती ३१ ऑगस्टपर्यंत प्रवास करणाऱ्यांपुरती, नाइलाजाची सोय आहे. या लसीच्या चाचण्यांत डोसांमधले अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी होते तेव्हा परिणामकारकता ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली, १२ आठवड्यांवर गेल्यावर ती ८१ टक्क्यांपर्यंत पोहोचली. घाईने घेतलेला दुसरा डोस प्रवाशाच्याच नुकसानीचा ठरेल. आमची मागणी छोटी आहे : ८४ चे ९५ होऊ देऊ नका. ८४वा दिवस उजाडला त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सुई मिळाली पाहिजे. प्रत्येक उशिराचा दिवस हा बुडालेल्या रोजाचा दिवस आहे.

आणि हे आधी ठरवता येण्यासारखे आहे. २१ ते २६ जूनच्या आठवड्यात कोणत्या केंद्राने कोविशिल्डचे किती पहिले डोस दिले, हा आकडा कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवर आहे. १३ ते १८ सप्टेंबरच्या आठवड्यात त्या केंद्राला दुसऱ्या डोससाठी साधारण तेवढाच साठा लागेल. तो आधी बाजूला काढावा आणि उरलेला पहिल्या डोससाठी वाटावा. आज साठा आला की ऑनलाइन वेळा उघडतात आणि ज्याचे बोट चपळ, तो आधी लागतो. जुलैत साठ्याअभावी महापालिकेची केंद्रे काही दिवस बंद ठेवावी लागली. सप्टेंबरच्या मध्यावर तसे झाले तर फटका नेमका दुसऱ्या डोसवाल्यांना बसेल. दुसऱ्या डोससाठी वेळ घेण्याची सक्ती नको. पहिल्या डोसचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन थेट येऊ द्या, त्यांची रांग वेगळी ठेवा.

सत्राची वेळ हा असाच एक प्रश्न. सकाळी नऊ-दहा ते पाच हे केंद्राचे तास, आणि नोकरीचेही तेच. शिवाय लस घेतल्यावर अर्धा तास बसावे लागते आणि कित्येकांना दुसऱ्या दिवशी ताप येतो, अंग दुखते. रोजंदारीवरचा माणूस म्हणूनच शनिवार दुपार किंवा रविवार मागतो. आठवड्यातून निदान दोन सत्रे संध्याकाळी पाच ते नऊ आणि एक रविवारी, तीही स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावीत.

संध्याकाळच्या सत्राला जी अडचण सांगितली जाते ती व्हायलची, म्हणजे लसीच्या बाटलीची. ती खरी आहे, पण सुटणारी आहे. कोविशिल्डच्या ५ मिलिच्या व्हायलमध्ये ०.५ मिलिचे दहा डोस असतात. व्हायल उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. सत्राच्या अखेरीस तिघेच थांबलेले असले की परिचारिकेपुढे दोनच पर्याय उरतात : सात डोस वाया घालवणे किंवा तिघांना परत पाठवणे. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागतो, म्हणून माणसे परत जातात. तिला दोष देण्यात अर्थ नाही, व्यवस्थाच तसे करायला लावते. यावर उपाय सोपा आहे. शेवटच्या तासाला जवळच्या प्रतीक्षा यादीतल्या दहा-बारा जणांना फोन करायचा. पंधरा-वीस मिनिटांत येऊ शकतील अशांची यादी प्रत्येक केंद्राने वहीत ठेवावी. व्हायलवर उघडल्याची तारीख आणि वेळ पेनने लिहावी. आणि शेवटच्या व्हायलमधले तीन-चार डोस वाया गेले तरी जाब विचारला जाणार नाही, असे लेखी कळवावे. हे लेखी मिळाले तर निम्मी परतपाठवणी थांबेल.

संध्याकाळच्या सत्रात शीतसाखळीचीही, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याचीही, काळजी घ्यावी लागते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. सकाळी भरलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरवर रात्री नऊपर्यंत विसंबून राहू नये, दुपारी चार नवे आइसपॅक घालावेत. ते फ्रीझरमधून काढून थेट आत ठेवले तर जवळची व्हायल गोठू शकते, आणि गोठलेली कोविशिल्ड वापरता येत नाही. आइसपॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी वाजू लागले की मगच भरायचे. नियमित लसीकरण करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला हे ठाऊक असते. नव्याने घेतलेल्या माणसांना मात्र कुणीतरी शिकवायला हवे.

आता प्रमाणपत्राकडे वळू, कारण सर्वांत जास्त गुंता इथे आहे.

पहिली आणि सर्वाधिक आढळणारी गडबड म्हणजे दोन पहिले डोस. पहिल्या वेळी मुलाच्या मोबाइलवर आधार कार्डाने नोंदणी झाली. दुसऱ्या वेळी आई एकटी आली, केंद्रावर तिचा स्वतःचा नंबर दिला, हातात पॅन कार्ड होते. कोविनच्या लेखी ही नवी व्यक्ती. सुई दुसरी टोचली गेली, नोंद मात्र पहिल्या डोसची झाली. हाती आली ती दोन तात्पुरती प्रमाणपत्रे, आणि अंतिम प्रमाणपत्राशिवाय पास नाही. कोविनवर ‘रेज अ‍ॅन इश्यू’मध्ये ही दोन्ही एकत्र करण्याची सोय आहे. साध्या फोनवाल्याला ती सापडणारही नाही. यासाठी दोन गोष्टी व्हाव्यात. नोंद करणाऱ्याने नवी नोंदणी उघडण्यापूर्वी ‘पहिला डोस कोणत्या नंबरवर घेतला?’ हे विचारणे सक्तीचे करा. आणि प्रत्येक प्रभागात एक जागा ठरवा, जिथे दोन्ही कागद घेऊन गेल्यावर ही दुरुस्ती करून मिळेल.

दुसरी गडबड, नोंद राहून जाणे. नेट बंद पडले की नावे कागदावर उतरवली जातात आणि रात्री भरली जातात. एखादे पान राहते. कधी तारीख दुसऱ्या दिवशीची पडते आणि १४ दिवसांचे १५ होतात. कागदी यादी आणि पोर्टलवरची संख्या रोज सत्र बंद करताना जुळवून पाहावी. यादीत १८० आणि पोर्टलवर १७७ दिसले, तर ते तीन जण त्याच रात्री शोधायचे. आठवड्याने शोधणे कठीण होते, कारण तोवर कागद गठ्ठ्यात गेलेला असतो.

तिसरी, नावाची. आधार कार्डावर माहेरचे नाव, प्रमाणपत्रावर सासरचे, जुन्या पासच्या ओळखपत्रावर तिसरेच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे. कोविनवर नाव, जन्मवर्ष आणि लिंग दुरुस्त करता येते, पण एकदाच. घाईत केलेली दुरुस्ती चुकली तर पुढे वाट नाही. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर वाचून भरावे. आणि स्थानकांवर प्रमाणपत्र तपासणाऱ्या मदत कक्षांत बसलेल्यांना सांगा, की छायाचित्र, वय आणि ओळखपत्राचे शेवटचे चार अंक जुळत असतील तर एका अक्षराच्या फरकासाठी कुणाला परत पाठवू नका.

११ तारखेपासून महानगर प्रदेशातल्या १०९ स्थानकांवर, त्यातली ५३ मुंबई पालिकेच्या हद्दीत, सकाळी ७ ते रात्री ११ पडताळणी सुरू आहे. दुसऱ्या डोसचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स तपासून दोन्हींवर शिक्का मारला जातो, ते खिडकीवर दाखवले की पास मिळतो. ही ऑफलाइन सोय ठेवली याबद्दल तुमचे मनापासून आभार. स्मार्टफोन नसलेला माणूस यामुळेच प्रवास करू शकणार आहे. या व्यवस्थेत काही छोटे बदल करावेत.

प्रत्येक कक्षावर रोज एक फळा लावावा : ‘आज पास : दुसरा डोस १ ऑगस्ट किंवा त्याआधी.’ दुसऱ्या दिवशी २ ऑगस्ट, असे रोज बदलावे. चौदा दिवस मोजताना डोसचा दिवस धरायचा की नाही, यावरून वाद होतात आणि एका स्थानकावर हो तर पुढच्यावर नाही असे होते. फळा असला की रांगेतला माणूस स्वतःच वाचेल आणि अपात्र माणसाचा तासभर वाचेल.

कागद डोळ्यांनी पाहू नका, क्यूआर कोड स्कॅन करा. प्रमाणपत्रावरचे नाव, तारीख संगणकावर कुणीही बदलू शकते. कोडमध्ये सही केलेली मूळ माहिती असते आणि कोविनच्या पडताळणी पानावर ती काही सेकंदांत दिसते. अडचण येते ती झेरॉक्सची. फिकट किंवा लहान केलेल्या प्रतीवरचा कोड वाचला जात नाही आणि प्रामाणिक माणूस संशयित ठरतो. प्रमाणपत्र पूर्ण ए-फोर आकारात छापून आणा, घडी कोडवर पडू देऊ नका, अशी सूचना जाहिरातीत ठळक द्या. कोड वाचला गेला नाही तर लाभार्थी संदर्भ क्रमांकावरून शोधावे. गेल्या रविवारपासून प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅपवरही मिळू लागले आहे. तो ९०१३१५१५१५ हा नंबर कक्षावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

बनावट शिबिरांत फसलेल्यांकडे वेगळे लक्ष द्या. ३० मे रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात सुमारे ३९० जणांना लस म्हणून भलतेच काही टोचले गेले आणि प्रमाणपत्रे वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने आली. अशा माणसाची खोटी नोंद रद्द झाल्याशिवाय खरी नोंद नीट बसत नाही. त्याला गुन्हेगाराच्या रांगेत उभे करू नये, तो तक्रारदार आहे.

उरतात ते ज्यांना अट पूर्ण करताच येत नाही. पहिल्या डोसनंतर तीव्र अ‍ॅलर्जी झालेल्याला दुसरा डोस देता येत नाही, त्याच्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला ग्राह्य धरा. अठरा वर्षांखालच्यांना आज देशात लस दिली जात नाही, मग अकरावी-बारावीच्या मुलांनी काय करायचे, याचे उत्तर कॉलेजे उघडण्याआधी ठरवा. परदेशात लस घेऊन आलेल्यांची नोंद कोविनवर नाही. केईएम किंवा टाटा रुग्णालयात एका दिवसासाठी जाणाऱ्या लसवंत नातेवाइकालाही आता महिन्याचा पासच काढावा लागणार, कारण सुटे तिकीट मिळत नाही. केसपेपर दाखवणाऱ्याला तरी परतीचे तिकीट द्या. ज्यांच्याकडे एकही ओळखपत्र नाही त्यांना लस देण्याची पद्धत केंद्राने मे महिन्यातच घालून दिली आहे. पुलाखाली राहणारे, नाक्यावर कामाला उभे राहणारे लोक तिच्यात बसतात. जिल्ह्याने एक जबाबदार माणूस नेमायचा, त्याने त्यांची ओळख पटवायची. ती पद्धत कागदावरून रस्त्यावर आणा.

गाडीतले नियम सर्वांना ठाऊक आहेत. लसवंताकडूनही विषाणू पसरू शकतो, म्हणून मास्क नाकावर हवा आणि खिडक्या, दारांवरच्या जाळ्या पावसातही शक्य तितक्या उघड्या हव्यात. १६ तारखेला पारशी नववर्षाची सुट्टी आहे, त्यामुळे खरी गर्दी १७ ऑगस्टला, मंगळवारी दिसेल. दादर, ठाणे, अंधेरी, कुर्ला इथल्या कक्षांवर त्या सकाळी जादा माणसे आणि जादा इंक पॅड ठेवावेत. शिक्क्याची शाई संपली म्हणून रांग थांबू नये.

शेवटी कोकणाबद्दल, कारण या सगळ्या तारखांची गाठ तिथे पडते. गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला आहे. २१ जूनच्या आठवड्यात पहिला डोस घेतलेले हजारो चाकरमानी १३ तारखेपासून दुसऱ्या डोसला पात्र होतील, तेव्हा ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात गावच्या घरी असतील. दुसरा डोस देशात कुठल्याही केंद्रावर घेता येतो, लस तीच हवी एवढीच अट. पण तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा साठा गावच्या लोकसंख्येवर ठरतो, पाहुण्यांवर नाही. त्यांना गावी लस मिळाली तर २७ तारखेच्या सुमारास त्यांचा पास तयार असेल. नाही मिळाली तर परत येऊन मुंबईच्या रांगेत लागतील आणि ऑक्टोबर उजाडेल. या तीन जिल्ह्यांना सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यासाठी कोविशिल्डचा जादा साठा आणि ०.५ मिलिच्या जादा सिरिंज ऑगस्टअखेर पोहोचवा. चिपळूण आणि महाडकडे २२ जुलैच्या पुरात कित्येकांचे फोन, सिम आणि ओळखपत्रे वाहून गेली. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबरच हाती नाही, म्हणून त्यांना प्रमाणपत्र उतरवून घेता येत नाही. तहसील कार्यालयात कागदपत्रांच्या दुय्यम प्रती देण्यासाठी जे टेबल मांडाल, त्याच टेबलावर कोविनची दुरुस्तीही करून द्या.

कळावे,

लसीकरण केंद्रांवर, नोंदणीच्या टेबलांवर आणि स्थानकांच्या मदत कक्षांवर काम करणारे काही जण